बशीतली भूक

प्रयोगशाळेत तिला सगळे घोरपड म्हणत. एकदा धरलं की सोडायची नाही. तिचा विषयही त्याच वळणाचा होता. घेवड्याच्या बियांतलं लेक्टिन नावाचं प्रथिन पेशींवरच्या साखरेला चिकटतं आणि रक्तातल्या राखणदार पेशी त्याला धरून गिळून टाकतात. लेक्टिनला हिरवा चमकता रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली घासन्‌घास दिसतो.

रक्त तिच्या दादाचं. कुरकुरत का होईना, तो दंड पुढे करी. त्यातल्या राखणदार पेशी ती काचेच्या बशीत ठेवी.

पहिल्याच खेपेला बशीतल्या पेशी हिरव्यागार झाल्या. वहिनीचा फोन आला: हे भरल्या ताटावरून उठले, पोट तुडुंब झालंय म्हणतात.

पुढच्या खेपेला तिनं बशीत साखर घातली. लेक्टिन त्या सुट्या साखरेतच गुंतलं, पेशी उपाशी राहिल्या. प्रयोग झकास. दादाची तक्रार आली की बिनसाखरेचा चहा गोडमिट्ट लागतोय, आणि भूक तर अशी की टेबल खाईन.

योगायोग, तिनं स्वतःला बजावलं. आता बर्फ. गारठ्यात पेशी लेक्टिन धरतात, पण आत घेत नाहीत. बशी बर्फावर ठेवून तिनं आपणहून घरी फोन लावला.

भर दुपारी दादा दोन पांघरुणं घेऊन जेवायला बसला होता.

"घास तोंडात धरून बसलेत," वहिनी म्हणाली. "गिळतच नाहीत."

तिनं फोन न ठेवता बशी उबेच्या कपाटात सरकवली. बऱ्याच वेळानं वहिनी म्हणाली, गिळला बाई एकदाचा.

प्रयोगशाळेचे साहेब आकड्यांवर खूश होते. काम संपलं, आता नियमाप्रमाणे बशीत क्लोरीनचं ब्लीच ओत, म्हणाले. शास्त्रावर तिचा विश्वास होता. पण भाऊ एकुलता एक होता. या पेशी मरू द्यायच्या नाहीत, तिनं ठरवलं. त्या काही आठवडेच टिकतात असं पुस्तक म्हणतं. पुस्तकाशी नंतर भांडू. झाकणावर तिनं ठळक लिहिलं, 'हात लावू नये', आणि पेशींचं ताजं खाद्य आणायला शीतखोलीत गेली.

परतली तेव्हा साहेब हातमोजे काढत होते.

"तुझ्यानं सुटत नव्हतं ना? मीच उरकलं. बघ, लख्ख."

तिनं फोन लावला. वाजत राहिला.

दादानंच उचलला.

"बरा आहेस ना रे?"

"ठणठणीत. तोंडाला तरणतलावाच्या पाण्याची चव आलीय, एवढंच."

मागून वहिनीचा आवाज आला, अगदी हळू.

"अहो, तुमचे ओठ असे पांढरे का?"