तिसरी हाक

हरेश, तो मोबाईल ठेव खाली. आणि रिद्धी, दात काढू नकोस. ही ऐकीव गोष्ट नाय. बुधाजी माझा शेजारी, इथंच चामटोलीत.

गेल्या वर्षी, कोजागिरीची आदली रात्र. बुधाजी उल्हासनगरला गेलेला, पोराच्या साखरपुड्याचा कुर्ता आणायला. पोरगा हितेश, एकुलता एक. जर्मनीत ऱ्हाईन नदीवर पाहुण्यांना फिरवणाऱ्या बोटीवर वेटर. व्हिडिओ कॉलवर दाखवायचा, "आबा, बघा, दोन्ही बाजूंना डोंगर आणि डोंगरभर नुसती द्राक्षं. याचीच वाईन करतात इथं." बुधाजीचं आपलं एकच, "ते राहू दे. पाण्याला ओढ किती हाय? पोहता येतं म्हणून शहाणपणा करू नको." पोरगं हसायचं. दिवाळीत येणार होतं. बदलापूरची स्वप्नाली ठरली होती त्याला.

कुर्ता घेतला. सिंधी शेठनं पिशवीत घालून वर चांगली टेप मारली. "साईं, पोराला नाही आवडला तर बदलून देतो." बुधाजी खूश. परत यायला उशीर झाला, रिक्षावाल्यानं फाट्यावरच सोडलं. साडेदहा वाजलेले. चांदणं टिपूर. रस्त्याला लागून आपली नदी. हा गुणगुणत चाललाय.

मागून हाक आली.

"आबा..."

आपल्याकडची रीत ठाऊक हाय ना? रात्री मागून हाक आली तर ओ द्यायची नाय, वळायचंही नाय. जित्या माणसाची असेल तर तिसऱ्यांदा येते. नसेल, तर दोनदाच.

आवाज हितेशचा. पण हितेश तिकडे, सातासमुद्रापार. बुधाजी जागीच थांबला.

"आबा..."

जवळून. दम लागलेला. तोंडात पाणी गेल्यासारखा.

बुधाजी उभाच. पिशवी छातीशी. पुढं बघत.

तिसरी...

नाय आली.

किती वेळ उभा होता, त्यालाच ठाऊक नाय. मग घरी गेला. पिशवी तशीच बायकोच्या, कमळाबाईच्या हाती दिली.

पहाटे फोन वाजला. बोटीवरचा दोस्त, धर्मेश. रडत होता. "काका, हितेश धक्क्यावरून घसरला. आम्ही दोर टाकला, त्याच्या हाती नाय लागला. दोनदा वर आला. दोनदा ओरडला... आबा म्हणून."

"कधी?"

"इथले संध्याकाळचे सात. तुमच्याकडं साडेदहा."

कमळाबाईचा टाहो ऐकून मी धावत गेलो. बुधाजी रडला नाय रे. एकच म्हणाला, "थांबलो होतो मी... तिसऱ्या हाकेसाठी थांबलो होतो."

ओ दिली असती म्हणून पोर वाचलं असतं काय? नसतंच. पण हे बापाला सांगायला माझी जीभ रेटली नाय. अजून रेटत नाय.

पुढं जर्मनीहून हितेशची पेटी आली. त्याच्या अंगावर घालायला तोच कुर्ता काढला. टेप जशीच्या तशी होती, कमळाबाईनं माझ्यासमोर फाडली. घडी उलगडली तर छातीवर एक पान चिकटलेलं. पिवळं पडलेलं. द्राक्षाचं. ओलं.

तिनं ते ताटलीत ठेवलंय, फडताळात. वर्ष झालं. परवा गेलो होतो, तेव्हा मी बोट लावून बघितलं...

अजून ओलं हाय.