तीनदा विचारायचं असतं

त्या रविवारी पाऊस आला नसता, तर मी फॉर्म न घेताच वर्गात निघून गेले असते... आणि ही गोष्ट तिथेच संपली असती.

फेब्रुवारीतला कुवेतचा पाऊस म्हणजे दहा मिनिटांचा पाहुणा. येतो, धुळीला वास आणतो, गाड्यांवर चिखलाचे ठिपके ठेवतो आणि जातो. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, रविवारी कॉलेज असतं. कॉलेजच्या अंगणात क्लबांचे स्टॉल लागले होते. सगळे आडोशाला पळाले. मीही पळाले, आणि पहिली मोठी छत्री दिसली तिच्याखाली घुसले. तिथे एक टेबल होतं, टेबलावर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा होता आणि त्या गठ्ठ्यावर पाऊस लागू नये म्हणून एक मुलगा चक्क आडवा पडला होता.

"होल्ड दिस, प्लीज!" तो ओरडला.

मी गठ्ठ्याचं एक टोक धरलं. छत्रीच्या कडेची धार बरोब्बर माझ्या मानेवर आली.

"आई गं!"

त्याने मान वर केली. "मराठी?"

"हो. सध्या ओली."

तो हसला. त्याचे डोळे आधी हसले, ओठ मागाहून. पापण्यांवर पाणी होतं, आणि मी ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

नाव आलोक. तिसऱ्या वर्षाला. आई हवल्लीतल्या एका दवाखान्यात नर्स, घर मूळचं परभणीचं. मी अस्मिता. पहिल्या वर्षाला, एगैलात राहणारी, बाबा बँकेत, घर मूळचं पुण्याचं. एवढी माहिती पाऊस थांबायच्या आत झाली. मग त्याने थर्मास उघडला.

"चहा घे."

"नको, राहू दे."

"घे की."

"नको रे, तुला कमी पडेल."

"तिसऱ्यांदा विचारायलोय. आता नाही घेतलास तर मीच पिणार."

मी घेतला. त्यात वेलची होती आणि साखर भरपूर.

"आमच्याकडं पण असंच असतंय," तो म्हणाला. "पहिलं नको म्हणजे नमस्कार. दुसरं नको म्हणजे, अजून एकदा विचारा ना."

मला खूप दिवसांनी कुणीतरी ओळखलं होतं. खरं सांगते, पहिलं सत्र मी लायब्ररीच्या जिन्यात एकटीने डबा खात काढलं. शाळेतल्या मैत्रिणी बारावीनंतर पुण्याला, बंगळुरूला, कॅनडाला गेल्या. मला घरच्यांनी एकटीला पाठवलं नाही. कॉलेजात सगळ्यांचे गट आधीच जमलेले, आणि मी आपली जिन्यात, भेंडीच्या भाजीबरोबर. म्हणून मला ह्या वर्षी कुठल्यातरी मंडळात जायचंच होतं. मला मैत्रिणी हव्या होत्या. बस्स.

आमच्या कॉलेजात मुलींची दोन मंडळं होती, 'लुलुआ' आणि 'सिद्रा'. पहिल्या वर्षाच्या मुलीने दोन्हीकडे जाऊन बघायचं आणि गुरुवारी दुपारी दोनपर्यंत एकाचं नाव लिहून द्यायचं. त्या मंडळाच्या यादीतही तिचं नाव असलं पाहिजे. दोन्ही जुळलं की पदवी मिळेपर्यंत ती त्यांची. बदल नाही. फॉर्म वाटायचं आणि गोळा करायचं काम आलोककडे होतं. मी एक घेतला.

"मग कुठलं चांगलं?" मी विचारलं.

"मला सांगायची मनाई आहे."

"डोळ्यांनी सांग."

त्याने दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. असा आगाऊ!

सोमवारी मी 'लुलुआ'मध्ये गेले. पांढरी फुलं, सोनेरी फितीची चॉकलेटं, आणि सगळ्या मुलींच्या अंगात वाइन रंगाची एकसारखी जॅकेटं. त्यांची प्रमुख फराह फार गोड बोलली. मार्क किती, बाबा काय करतात, इन्स्टाग्रामवर किती लोक... रांगोळी येते म्हटल्यावर तर ती टाळ्या वाजवायला लागली. त्यांच्या सगळ्या कार्यक्रमांची सजावट माझ्याकडे! फक्त डबा रोज त्यांच्याच टेबलावर खायचा, दुसरीकडे बसायचं नाही. तिने मला एक जॅकेट गुरुवारपर्यंत घालून बघायला दिलं. आरशात मी खूप मैत्रिणी असलेली मुलगी दिसत होते. आईला फोटो पाठवला, तर तिचं उत्तर आलं, 'काढूच नकोस अंगातून!'

ते जॅकेट घालून मी मिरवत आलोकच्या टेबलाशी गेले. आलोकने एकदा बघितलं... दुसऱ्यांदा बघितलं. मग फॉर्मांची कड उगाचच सारखी करत म्हणाला, "शुक्रवारी सकाळी गल्फ रोडला समुद्रावर येशील? सहज... चालायला."

मला यायचंच होतं. आणि जीभ? जीभ म्हणाली, "नको."

मी थांबले. आता तो 'चल की' म्हणेल.

"बरं," तो म्हणाला. तेवढंच. मग हवेत धूळ किती आहे ह्यावर बोलायला लागला. मी घरी जाईपर्यंत धुसफुसत होते. चहाला तीनदा, आणि मला एकदाच?

मंगळवारी 'सिद्रा'. लायब्ररीच्या मागे एक झाड आहे. इथले लोक त्याला सिद्र म्हणतात. मी वर बघितलं आणि उडालेच. आपलं बोराचं झाड! खाली चटई, चटईच्या कडेला चपला-बुटांचा ढीग आणि सात मुली. त्यांची प्रमुख दाना, उंच, कुवेती, मांडीवर बोरांचं भांडं घेऊन बसलेली. दर मंगळवारी एकीने बाकीच्यांना काहीतरी शिकवायचं, एवढाच त्यांचा कार्यक्रम. त्या दिवशी एक इजिप्तची मुलगी शिट्टी शिकवत होती. तोंडात बोर आणि वर शिट्टी... कुणालाच जमेना. मी डब्यातली तिखटमिठाची पुडी काढली आणि बोराला लावून दिली. दानाच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी ती म्हणाली, "अजून." हसून हसून मला उचकी लागली. मार्क कुणी विचारले नाहीत. मोबाईल दोन तास पिशवीतच होता, हे मला निघताना कळलं.

निघताना दानाने इंग्रजीत विचारलं, "आमच्यात येशील, अस्मिता?"

"ओह नो, नो!" मी म्हटलं. "कशाला उगाच तुम्हाला त्रास..."

तिने छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. "ठीक आहे. भेटायला मात्र येत जा."

मी तरंगतच घरी गेले. उद्या ती परत विचारेल, परवा परत विचारेल आणि मग मी लाजत हो म्हणेन.

बुधवारी दाना अंगणात दिसली. हात हलवला, हसली आणि पुढे गेली. दुपारी पुन्हा दिसली. पुन्हा तसंच. तीन वाजता मी आलोकच्या टेबलाशी जाऊन बसले आणि मला रडूच आलं.

"त्यांना मी नको आहे."

आलोकने थर्मास बाजूला ठेवला. "तिनं विचारलं नाही?"

"विचारलं ना. एकदा."

"तू काय म्हणालीस? जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं. मग त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, ती काय तुझी काकू आहे का, ताट घेऊन मागं लागायला? तू नको म्हणालीस, तिनं ऐकलं. तिनं मान राखला की तुझा!"

"म्हणजे... ती पुन्हा विचारणारच नाही?"

"नाही. आता तू विचार."

"मी? स्वतःहून? मला घ्या म्हणून?" माझे कान तापले. आमच्या घरात पाहुण्याकडे पाणीसुद्धा मागायचं नाही, असं शिकवलेलं. जॅकेट मांडीवर होतं. ते ठेवून घ्यायला कुणाला काहीच विचारावं लागणार नव्हतं.

"मग तूसुद्धा मला सोमवारी एकदाच का विचारलंस?" माझ्या तोंडून निघून गेलं. "एवढा तीनदा विचारणारा!"

त्याने थर्मासचं झाकण उगाचच घट्ट फिरवलं.

"चहाला मी दहादा विचारीन," तो हळूच म्हणाला. "पण असल्या गोष्टीला एकदाच विचारायचं असतंय. मुलगी नको म्हणाली की ते ऐकायचं. आईनं शिकवलंय... आणि मला पटतंय."

मी जॅकेट उचललं आणि बसस्टॉपवर गेले. एगैलापर्यंत खिडकीतून बाहेर बघत होते, पण दिसलं काहीच नाही. अठरा वर्षं मी हव्या असलेल्या प्रत्येक गोष्टीला नको म्हणत आले होते आणि ती गोष्ट माझ्या मागे येईल म्हणून वाट बघत होते.

गुरुवारी दीड वाजता मी फराहला जॅकेट परत दिलं. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, पण दिलं. मग झाडाकडे पळाले. दाना चटई गुंडाळत होती.

"दाना, मंगळवारी मी नाही म्हटलं ते खरं नव्हतं. मला तुमच्यात यायचंय. फार यायचंय. मला घ्याल?"

दानाने चटई खाली ठेवली. "मग नाही का म्हणालीस?"

"आमच्यात... आधी नाही म्हणतात."

"विचित्र लोक आहात," ती म्हणाली आणि गुंडाळलेली चटई तिने पुन्हा पसरली. "मी तुझं नाव यादीत लिहून येते. तू बस."

पण मला बसायला वेळ नव्हता. दोनला पाच कमी असताना मी फॉर्म आलोकसमोर ठेवला. त्याने वाचला, शिक्का मारला आणि मान खाली घालूनच हसला.

"अजून एक," मी म्हटलं. दम लागला होता. अंगणात माणसं होती, ऊन होतं, कुणीतरी स्टॉलचे खांब उतरवत होतं... आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती. "उद्या मला समुद्रावर यायचंय. तुझ्याबरोबर. सोमवारीही यायचं होतं. मला तू आवडतोस, आलोक."

त्याच्या हातातला शिक्का खाली पडला. बोटांना निळी शाई लागली होती, तीच त्याने गालाला लावून घेतली.

"तू हो म्हणायलीस?"

"हो म्हणतेय."

"सातला येऊ?" मग घाईघाईने, "नाही, सहाला येतो."

"सहाला अंधार असतो रे."

"मग उजाडेपर्यंत थांबतो की."

गालावर शाई घेऊन तो माझ्याकडे असा बघत होता, की मीच खाली बघितलं. मग पुन्हा वर बघितलं. खाली बघून कुणाचं भलं झालंय?

संध्याकाळी आईला दोन्ही गोष्टी सांगितल्या. जॅकेटची आधी, आलोकची नंतर. ती जॅकेटवरून तासभर बोलली आणि आलोकबद्दल एकच विचारलं, "परभणीत कुठले?" बाबा म्हणाले, "मी सोडतो." सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी खरंच गाडी काढली. गल्फ रोडला पोचल्यावर त्यांनी सीट मागे केली, मोबाईलवर बातम्या उघडल्या आणि म्हणाले, "जा. मी आहे इथे."

पावणेसहा वाजले होते. पाणी काळंच होतं, फक्त काठाशी जरा पांढरं. मला वाटलं होतं, मीच आधी येईन. आलोक कठड्यावर केव्हाचा बसलेला होता.