ढोल्याची आई

पहिल्याच संध्याकाळी ढोल्याने तिची चप्पल पळवली.

कुंपण घातलेली ती बाग खास कुत्र्यांसाठी होती. आत शिरून फाटक लावायचं, पट्टा सोडायचा आणि जनावराला मनसोक्त उधळू द्यायचं. आपल्या राणीला मोकळं सोडून ती बाकावर जरा टेकली होती, तेवढ्यात एक गलेलठ्ठ तपकिरी कुत्रा तिच्या पायातून सुटलेली चप्पल तोंडात धरून पसार झाला. त्याच्यामागे भुरभुर पावसात एक माणूस धावत होता.

"माफ करा हं! याला चांगल्या वस्तूंची पारख आहे."

"चांगली? दोनदा शिवून आणलीय ती."

"मग... माणसांची असेल," तो म्हणाला आणि स्वतःच लाजून त्याने ओली चप्पल तिच्या पायाशी ठेवली. तिला हसू आवरेना.

त्या बागेत कुणी कुणाचं नाव विचारत नसे. तो ढोल्याचे बाबा झाला, ती राणीची आई. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासून ती दमायची, पण साडेपाच वाजले की तिचा पाय दुकानात ठरत नसे. बोलणं सगळं कुत्र्यांचंच. ढोल्या काय खातो, जंतांचं औषध कधी दिलं, ढग गडगडले की भितो का...

"झोपतो कुठे?" तिने एकदा विचारलं.

"माझ्या पायाशी. अख्खा पलंग अडवतो लबाड!"

त्या पलंगावर आणखी कुणाची जागा आहे का, हे विचारायचं तिला सुचलंही नाही. आणि ही बाई म्हणे लोकांचे नंबर अचूक काढायची!

"राणीची आई आज गप्प का?"

"राणीच्या आईला घरी जावंसं वाटत नाहीये."

"मग... नका जाऊ."

तेवढ्यावर ती आठवडाभर हवेत होती.

अशातच मालकांनी परगावची नवी शाखा तिच्या हाती द्यायचं ठरवलं. तीन वर्षं ती याचीच वाट बघत होती, पण त्या गावात ढोल्याचे बाबा नव्हते. दुपारी तिने मालकांना "नाही" सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे दुसऱ्या मुलीला बोलावून शाखा देऊन टाकली. संध्याकाळी ती ठरवूनच बागेत आली, आज बोलायचंच.

"मला तुम्हाला एक..." तिने सुरुवात केली.

फाटक वाजलं. ढोल्याने कान टवकारले आणि जो सुटला, तो आत येणाऱ्या बाईच्या अंगावरच जाऊन पडला. लहान मुलासारखा कुंई कुंई करत तिचं तोंड चाटू लागला.

"अरे हो, हो! सहा महिन्यांत केवढा सुटलास! बाबांनी नुसतं लाडावून ठेवलंय." बाई हसत बाकाजवळ आली. "तुम्ही राणीची आई ना? हे फोनवर सांगायचे, दोघांची फार गट्टी आहे म्हणून. माझं ट्रेनिंग संपलं, म्हटलं न सांगताच येऊन धडकावं!"

ती बाई चेंडू घेऊन ढोल्यामागे गेली. बाकावर दोघंच उरली.

"मी खोटं कधी बोललो नाही," तो पुटपुटला. "तुम्ही विचारलं नाहीत."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"भीती वाटली... तुम्ही यायचं बंद कराल."

असलंच काहीतरी ऐकायला ती महिनोन्‌महिने आसुसली होती. आता ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "हेच सांगायला आले होते. परगावची नवी शाखा मला मिळत होती, ती आज दुपारी नाकारली तुमच्यासाठी. आता ती दुसरीला गेली. तुम्हाला माहीत असावं, म्हणून सांगतेय. उत्तर नकोय मला."



"अहो, याचा पट्टा कुठे ठेवलात?" पलीकडून हाक आली.

"जा, बोलावतायत."

तो उठला, दोन पावलं गेला आणि वळला. "उद्या... याल ना?"

राणीला मोकळं पळायला शहरात दुसरी जागा नव्हती.

"येईन," ती म्हणाली, "पण सकाळी. तुम्ही संध्याकाळीच येत जा."