पानावर नसलेला परिच्छेद

अरे, ऐका तरी! पारनेरला चर्चच्या हॉलमध्ये कृपादान सरांच्या आत्मचरित्राचं प्रकाशन. सर माईकवर, हातात उघडं पुस्तक, बायकोवरचा परिच्छेद वाचतायत. "दयानं आयुष्यभर सगळं हसत सोसलं..." टाळ्याच टाळ्या! तेवढ्यात मागच्या रांगेतला जोसेफ उठला, हातात त्याची प्रत.

"सर, हे कुठल्या पानावर हाय?"

"बावन्न."

"बावन्नवर न्हाई!"

अख्ख्या हॉलनं फडाफडा पानं उलटली. खरंच नव्हतं! बायकोवर तेवढा एकच परिच्छेद, तोच गायब. आणि सर तेच पान डोळ्यांपुढं धरून तो वाचत होते, बोला!

सर लालबुंद. तरातरा खाली उतरले. छापखान्यातला ओम पुस्तकांचे गठ्ठे सोडत होता. सणकन त्याच्या कानाखाली!

"प्रुफात चुका काढल्या म्हणून सूड उगवलास?"

प्रेसचा मालक गोरक्षनाथ तिथंच. "उद्यापासून येऊ नको रे," म्हणाला. संपलं. ओमची नोकरी गेली, दोनशे लोकांसमोर.

आपली शॅरन सूत्रसंचालन करत होती. ती स्टेजवरून उतरली.

"सर, प्रूफ कुणी तपासलं?"

"मीच! दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी. दोन्ही प्रुफांवर माझी सही आहे."

"ओम, तू काय केलंस?"

ओम गाल धरून उभा. "ताई, पयल्या प्रुफात त्या मजकुरावर काट मारलेली हुती. म्या काढला. मग दुसरं प्रूफ सरांनीच तपासलं ना."

प्रेस समोरच. ओम पळत जाऊन पहिलं प्रूफ घेऊन आला. वरपासून खालपर्यंत लाल पेनाची ठसठशीत काट.

"ही माझी नाही!" सर ओरडले. "यानंच मारली!"

"बरं. दुसऱ्या प्रुफात या पानावर तुम्हाला काय सापडलं?"

"दोन स्वल्पविराम राहिले होते."

"परिच्छेद नाही, हे दिसलं नाही?"

सरांनी हातातलं पुस्तक पुन्हा बावन्नवर उघडलं.

"मग ओमनं नाही केलं," शॅरन म्हणाली. "त्याला गाळायचंच असतं तर तुमची शेवटची सही झाल्यावर गुपचूप गाळलं असतं. काट कशाला मारेल? आणि प्रूफ परत तुमच्याकडं कशाला पाठवेल? ज्यानं काट मारली, त्याला मजकूर गेल्याचं तुम्हाला दिसायला हवं होतं. पहिलं प्रूफ तपासून कुठं ठेवलं होतं?"

"घरी. जेवणाच्या टेबलावर. लाल पेनही तिथंच."

"सर, लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं तपासता येत नाही. कागद समोर असतो, पण वाचतो आपण डोक्यातलं. आत्ता माईकवरही तुम्ही तेच केलं. परिच्छेद गेलाय, हे तुमच्या घरात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं." ती पहिल्या रांगेकडं वळली. "मला स्टेजवरून दिसत होतं. सगळा हॉल पानं उलटत होता. एकच पुस्तक मांडीवर मिटलेलं होतं. काकू, तुम्हाला शोधायची गरजच नव्हती, ना?"

दयाकाकू उठल्या. "व्हय. मीच मारली काट."

"दया! का?"

"हसत सोसलं म्हणे! आपलं लेकरू दवाखान्यात दगावलं, तवा तुम्ही वाचनालयाच्या उद्घाटनाला. मी हसत हुते?"

"मग मला सांगायचंस!"

"सांगितलं की, लाल पेनानं. वाटलं, दुसऱ्या प्रुफात तरी विचारतील, यातली माझी बायको कुठं गेली? तुम्हाला स्वल्पविराम सापडले."



काकू गोरक्षनाथकडं वळल्या. "पोरगा उद्या कामावर पायजे." त्यानं मान डोलावली. ओमच्या गालावर पाचही बोटं तशीच होती. सरांनी तिकडं बघितलंच नाही. घसा खाकरला आणि म्हणाले काय?

"दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करू."

काकूंनी ते मिटलेलं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

"ही दुरुस्तीच हाय," म्हणाल्या, आणि निघून गेल्या.