बिराप्पाच्या मेंढ्यांची नावं

तुम्ही मागंच लागलात म्हणून सांगते, एरवी मी हे कुणापाशी बोलत नाही. छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला तेव्हाच आमच्या घरातून देव आणि भुतं दोन्ही बाहेर काढली होती. त्यामुळे हे सांगताना माझी मलाच लाज वाटते.

साल त्रेसष्ट. सांगलीतल्या एका लहान इस्पितळात मी शस्त्रक्रियेच्या खोलीची नर्स होते. त्या सकाळी आठ वाजता वस्तरा आणि गरम पाणी घेऊन मी बिराप्पाचं डोकं भादरायला गेले. बिराप्पा जतकडचा मेंढपाळ, वय तिशीचं. वर्षभर डोकं ठणकत होतं, उलट्या होत होत्या, आणि आता नजर जात चालली होती. मेंदूच्या अगदी पोटात गाठ होती. काढली नसती तर महिन्याभरात माणूस गेलाच असता.

त्याची बायको जाईबाई पायाशी बसून होती. "केस ग्येलं तर जाऊ देत बाई," ती म्हणाली. "मानूस त्येवडा परत द्या."

त्या गाठीकडे जायच्या दोन वाटा डॉक्टर करमरकरांनी मला पाटीवर काढून दाखवल्या होत्या. जवळची वाट डाव्या बाजूनं, मेंदूचं वरचं साल चिरून सरळ आत. हात मोकळा फिरतो, गाठ चांगली दिसते. पण माणसाची वाचा त्याच बाजूला असते. लांबची वाट मेंदूच्या दोन अर्ध्या भागांमधल्या फटीतून खाली उतरते आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्याला बारीक छेद देऊन गाठीपाशी पोचते. वाचेला धक्का नाही, पण जागा चिंचोळी, आणि काठावरची रक्तवाहिनी दुखावली की संपलं. ही त्यांनी मद्रासला नुसती पाहिली होती. जवळच्या वाटेनं स्वतः एकदा गेले होते, शिराळ्याच्या पारूबाईच्या वेळी. ती टेबलावरच गेली.

"तरी जवळचीच?" मी विचारलं. फटकन बोलायची खोड मला तेव्हाही होती.

"हाताला माहीत आहे ती बरी, सिस्टर," ते म्हणाले. त्यांचे डोळे तांबारले होते.

मेंदूला स्वतःला दुखत नाही. म्हणून डोक्याची कातडी बधिर करायची आणि रोग्याला जागं, बोलतं ठेवायचं. शब्द अडखळला की डॉक्टरांनी हात आवरायचा. बोलतं ठेवायचं काम माझं. हिरव्या कापडाखाली मी बिराप्पाच्या तोंडाशी बसले. पलीकडे डॉक्टर. हाडाला गिरमिट लागलं तसा जळका वास कापडाखाली साचत गेला.

"मेंढ्यांची नावं सांगा, बिराप्पा."

"लय हायती, बाई."

"सगळी सांगा. घाई नाही."

"बांडी... चांदी... मोरी... कानतुटी..." धनगराला एकेक मेंढी चेहऱ्यानं ओळखू येते. तो सांगत राहिला, मी हुंकार देत राहिले. वरून डॉक्टर म्हणाले, "आता आत जातोय."

"लंगडी... गव्हाळी..." आणि तो थांबला. डोळे उघडे होते, पण माझ्यावर नव्हते.

"बिराप्पा?"

"बाई..." आवाज त्याचाच, जाडाभरडा, पण बोलायची ढब बाईमाणसाची. "मंगळसूत्र रुमालात बांदून तुमच्याकडं दिलं हुतं... माज्या लेकीला पावलं का?"

पारूबाईनं टेबलावर चढताना तो रुमाल माझ्या मुठीत कोंबला होता. तेव्हा तिथं तिसरं कुणी नव्हतं.

"ह्या अंगानं नगा शिरू... ह्या अंगानं मी ग्येले..."

पलीकडचा चिमट्यांचा आवाज बंद झाला. "कोण बोललं?" डॉक्टरांनी विचारलं.

"रोगी," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

मग ते म्हणाले, "झोपेचं इंजेक्शन द्या. हाड आणखी कापतो. मधल्या फटीतून जाऊ."

पाच तास लागले. गाठ निघाली. संध्याकाळी बिराप्पानं डोळे उघडून पाणी मागितलं, स्वच्छ शब्दांत. मी खोलीबाहेर जाऊन रडले. इतका आनंद मला त्या नोकरीत पुन्हा झाला नाही.

दोन महिन्यांनी तो तपासणीला आला. नजर चांगली, वाचा चांगली. डॉक्टरांनी वहीत दोन्ही वाटा शेजारी शेजारी मांडून लांबच्या वाटेखाली लिहिलं, 'हीच उत्तम'. जाईबाईनं मात्र मला जिन्याखाली ओढलं.

"बाई, ह्ये समद्या मेंढरांची नावं बराबर घेत्यात. पन हाक मारली की एक बी मेंढरू जवळ येत न्हाई. मागं मागं सरत्यात." तिनं माझा हात घट्ट धरला. "म्या घरी कुनाला न्हेलंय?"

मी तिला झापलं. माणूस जिवंत मिळाला त्याचं काही नाही, मेंढरांचं काय घेऊन बसलीस, म्हणाले. ती खाली मान घालून गेली. ते बोलणं मला अजून सलतं.

दिवाळीनंतर मलकापूरचे हंबीरराव मास्तर आले. तसलीच गाठ, तितकीच खोल. या खेपेला डॉक्टर पहिल्यापासून लांबच्या वाटेनं निघाले. मास्तरांना मी पाढे म्हणायला लावले. ठणठणीत आवाजात तेराचा झाला, चौदाचा झाला. डॉक्टर फटीतून खाली उतरले आणि पंधराचा मध्येच तुटला.

"बांडी... चांदी... मोरी..."

मास्तरांनी जन्मात मेंढरू पाळलं नव्हतं. मी तोंड त्यांच्या कानाशी नेलं.

"बिराप्पा...?"

"व्हय बाई... जाईला सांगा, मी हितंच हाय..." मास्तरांचे ओठ जेमतेम हलत होते. "आन् ह्या अंगानं बी नगा शिरू..."

हिरव्या कापडाची कड हळूच वर झाली. तोंडावरच्या पट्टीवरून डॉक्टरांचे डोळे माझ्याकडे पाहत होते. हत्यार अजून आतच होतं.

"सिस्टर," ते अगदी हळू म्हणाले, "तिसरी वाट नाही."