आईच्या हातचे चौदा

रविवारी सकाळी बोग्नाचा फ्रीज बंद पडला आणि बर्फकप्प्यातली पिशवी ओली होऊ लागली. आत चौदा पिएरोगी होते, उकडायच्या करंज्यांसारखे, आईनं सारण भरून, कडेनं मुरड घातलेले. आई मार्चमध्ये गेली. तेव्हापासून बोग्नानं त्या पिशवीला हात लावला नव्हता.

पिशवी छातीशी धरून ती खालच्या मजल्यावर गेली. दार सेवेरिननं उघडलं. तो ट्राम चालवायचा. जिन्यात भेटला की बाजूला सरून तिला वाट द्यायचा, एवढीच ओळख.

"तुमच्या फ्रीजमध्ये जागा आहे?"

त्यानं पिशवी हलकेच चाचपली. "जागा आहे हो... पण यांचा बर्फ सुटायला लागलाय. पुन्हा गोठवले तर लगदा होईल. आजच उकडायला हवेत."

"आजच?" तिनं पिशवी पुन्हा छातीशी धरली. "आईचे आहेत. शेवटचे."

त्यानं तिला आत घेतलं. मोठं पातेलं गॅसवर चढवलं, पाण्यात मीठ टाकलं. मग हळूच विचारलं, "सारण कसलंय?"

"माहीत नाही. आई म्हणायची, खाल्लं की कळेल."

"मग खारट-गोड, दोन्ही तयारी ठेवू."

त्यानं कांदा आणि डुकराच्या चरबीचे तुकडे परतले, वाटीत आंबट साय घेतली, साखर काढली. खिडकीवर पाऊस भुरभुरत होता.

पहिला निघाला बटाटा-पनीरचा, दुसरा कोबी-अळंब्यांचा. तिसऱ्यावर सेवेरिननं भरपूर कांदा घातला, चावा घेतला... आणि त्याचे ओठ जांभळे झाले. ब्लूबेरी! बोग्नाला हसू आवरेना. कित्येक महिन्यांनी.

"कांद्याबरोबर कसा लागतोय?"

"छान."

"खोटं बोलताय."

"ट्रामवाला आहे मी. एकदा धरला की रूळ सोडता येत नाही."

बघता बघता एकच उरला.

"हा झाकून ठेवू का? उद्यासाठी?" त्यानं विचारलं.

बोग्ना ताटलीकडे बघत राहिली. फ्रीज चालू असता, तर ती आणखी वर्षभर नुसता बर्फ जपत बसली असती. तिनं काट्यानं पिएरोगीचे दोन तुकडे केले. आत मांस होतं. मोठा तुकडा तिनं त्याच्या ताटलीत सरकवला.

"आईला तुम्ही आवडला असतात," ती म्हणाली. "मला तर... आवडलातच."

सेवेरिननं काटा खाली ठेवला. कान लाल झाले होते.

"पुढच्या रविवारी पीठ मी मळतो," तो म्हणाला. "मुरड घालायला शिकवाल?"

"मलाच येत नाही."

"मग उकडताना फुटतील."

"फुटू देत," ती म्हणाली. "दोघं मिळून खाऊ."