धडधड कुणाची?

"सासऱ्यांच्या जिवावर मी उठले, असं माझा नवरा म्हणतोय!" वहिनींच्या कचेरीत आल्या आल्या ती तरुण सून म्हणाली आणि मुठीतली गोळ्यांची पट्टी तिने टेबलावर आपटली.

खासगी तपासाच्या कामात पडण्यापूर्वी वहिनी इस्पितळात नर्स होत्या. पट्टी वाचून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मदतनीस म्हणून शेजारी बसलेल्या धाकट्या दिराला, म्हणजे भावजींना, मात्र ओ की ठो कळलं नाही.

"सासऱ्यांना काय काय आहे?"

"जुना दमा, आणि आता बीपी. ही गोळी घेतली आणि श्वास कोंडला, इस्पितळात ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, दमा मी लपवला. अहो, पहिल्याच भेटीत सांगितलाय! या वेळी मला बाहेर बसवलं, आत जागा नाही म्हणून. नवरा संध्याकाळी पोलिसांत जातोय."

वहिनी आणि भावजी आधी औषधवाल्याकडे गेले. त्याने हात झटकले. "चिठ्ठीत होती तीच गोळी दिली."

दवाखान्यात मदतनीस बाई सुवासिक फवारा मारत होती. नाव सांगताच सासरे कोण, ते तिच्या लगेच लक्षात आलं. "ते आजोबा आले की डॉक्टर फवारा बंद ठेवायला लावतात."

आत डॉक्टरांच्या टेबलाशी दोन पेशंट होते. एका गृहस्थाच्या दंडाला बीपीचा पट्टा, शेजारी एक बाई गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगतेय.

"दम्याचं मला कुणी बोललंच नाही," डॉक्टर पट्टा फुगवत म्हणाले. "छातीत धडधडतं म्हणाले, म्हणून नाडी मंदावणारी बीपीची गोळी दिली." मग गृहस्थाकडे वळून, "जिने चढू नका."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत!" गृहस्थ म्हणाले. भावजी खो खो हसले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचा संताप संताप झाला होता.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना इस्पितळात, सासऱ्यांच्या खाटेशी जमवलं.

"आजोबा, तुमच्या छातीत धडधडत होतं?"

मास्कआडून मान नकारार्थी हलली.

"शेजारच्या खुर्चीवरच्या पेशंटला?"

या वेळी मान होकारार्थी हलली. भावजींच्या डोक्यात आत्ता कुठे प्रकाश पडला.

"डॉक्टर, एकाचं बीपी बघत तुम्ही दुसऱ्याचं ऐकता. धडधड शेजारच्या पेशंटची, गोळी यांना. तीच गोळी दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळू शकते, हे तुम्हाला मी शिकवायला हवं?"

"पण दमा मला माहीत नव्हता—"

"मग यांच्यासाठी फवारा का बंद ठेवायला लावता? वासाने दमा उठतो म्हणूनच ना?"

डॉक्टरांची बोबडी वळली. "चूक... चूक कुणाच्याही हातून होते."

"गोळीची चूक झाली. ती माफ करायची की नाही, ते आजोबा ठरवतील. पण माणूस इथे तडफडत असताना तुम्ही ती या पोरीच्या माथी मारलीत. ही चूक नव्हे, हा हलकटपणा आहे!"

नवरा खाली मान घालून बायकोजवळ आला. "चल, घरी जाऊ."

"तुम्ही जा," ती म्हणाली. "डॉक्टरांनी मला एकदा तरी विचारायला हवं होतं. आणि तुम्हीसुद्धा."

तिने स्टूल खाटेजवळ ओढलं आणि सासऱ्यांचा हात हातात घेऊन बसली.